जुन्या यंत्राची खरेदी

(एका माजी विद्यार्थ्याकडून)

स्वतःच्या पैशानें फसलें तर मनुष्य चार दिवसांत विसरतो. दुसऱ्याच्या पैशानें फसलें म्हणजे झोंप येत नाहीं. त्यांतून तो दुसरा बारा वर्षांचा मुलगा असला आणि आपणांस मोठा शहाणा समजत असला, तर मग विचारूंच नये. हा अनुभव आम्हीं नुकताच घेतला. शाळेच्या वार्षिकासाठीं कांहीं तरी लिहून पाठवावें असें संपादकांचें पत्र आलें, तेव्हां परदेशची थंडी, बर्फ आणि बागा ह्यांविषयीं लिहावें असा आमचा प्रथम विचार होता. परंतु ते विषय ह्या पानांतून पुष्कळदां येऊन गेले आहेत. म्हणून आमच्या फजितीचीच हकीकत लिहितों. ती वाचून एखाद्या विद्यार्थ्याचे चार पैसे वांचले, तर आमचें हसें झाल्याचें आम्हांस वाईट वाटणार नाहीं.

आम्ही इंग्लंडच्या पूर्वेस सफोक परगण्यांत राहतों. आमची धाकटी बहीण आणि तिचे यजमान त्याच गांवीं, दोन गल्ल्या पलीकडे राहतात. त्यांच्या मुलानें शेजाऱ्यांच्या मोटारी धुऊन आणि कुत्रीं फिरवून वर्षभरांत ९० पौंड सांठविले होते. एके दिवशीं सायंकाळीं तो आपला पत्र्याचा डबा घेऊन आमच्याकडे आला, पैसे टेबलावर मांडले आणि म्हणाला, "मामा, मला मेटल डिटेक्टर घ्यायचा आहे. नवा परवडत नाहीं. जुना पण चांगला कसा ओळखायचा, तें तुम्हांला कळेल ना?"

आम्ही पडलों विज्ञानाचे पदवीधर! "त्यांत काय मोठेंसें?" असें आम्ही सहज बोलून गेलों.

रेल्वे स्टेशनाच्या दारांत उभी असलेली धातुशोधक कमान आपणां सर्वांस ठाऊक आहे. भाच्यास हवें होतें तें हातांत धरून शेतांत फिरवावयाचें यंत्र. ह्या देशांत हा छंद पुष्कळांस आहे. भाच्याच्या डोक्यांत तो शिरण्यास कारण आमच्याच परगण्यांतील हॉक्सन हें खेडें. १९९२ च्या नोव्हेंबर महिन्यांत तेथील पीटर व्हॉटलिंग ह्या शेतकऱ्याचा हातोडा शेतांत हरवला. त्याच्या ओळखीचे एरिक लॉज म्हणून एक गृहस्थ होते. ते आपलें धातुशोधक यंत्र घेऊन हातोडा शोधावयास गेले. शोधतां शोधतां मातींतून चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणीं निघूं लागलीं. लॉज ह्यांनीं लोभानें सगळें उकरून काढलें नाहीं. कांहीं भाग हातीं लागतांच ते थांबले आणि त्यांनीं अधिकाऱ्यांस कळविलें. त्यामुळें पुरातत्त्वज्ञांस ती ठेव, कुजून गेलेल्या लांकडी पेटीच्या खुणांसकट, जागच्या जागीं पाहतां आली. पांचव्या शतकाच्या आरंभीं, रोमन अंमलाच्या अखेरीस, पुरलेलीं १४,८०० हून अधिक नाणीं आणि सुमारें २०० सोन्याचांदीच्या वस्तू तेथें निघाल्या. त्यांबद्दल मिळालेलें साडेसतरा लाख पौंडांचें बक्षीस लॉज ह्यांनीं त्या शेतकऱ्याबरोबर वांटून घेतलें. तो हातोडाही सांपडला. आज तोही ब्रिटिश म्यूझियमच्या संग्रहांत आहे. ही गोष्ट ऐकून आम्हांस सोनें दिसलें. भाच्यास मात्र हातोडाच अधिक आवडला.

भाच्यानें एक शहाणपणाची गोष्ट आमच्याकडे येण्याआधींच केली होती. वडिलांसह गांवाबाहेरच्या एका शेतकऱ्याकडे जाऊन त्यानें त्याच्या शेतांत शोध घेण्याची लेखी परवानगी मिळविली होती. येथें जमिनीच्या मालकाच्या संमतीवांचून असें यंत्र फिरवितां येत नाहीं, आणि संरक्षित प्राचीन स्थळीं खास परवान्यावांचून तें फिरविणें हा गुन्हाच आहे. तीनशें वर्षांहून जुनें सोन्यारुप्याचें द्रव्य सांपडल्यास १९९६ च्या कायद्याप्रमाणें तें चौदा दिवसांच्या आंत कॉरोनर नांवाच्या अधिकाऱ्यास कळवावें लागतें. आपल्याकडेही १८७८ चा गुप्तधनाचा कायदा आहे; दहा रुपयांहून अधिक किमतीचें पुरलेलें द्रव्य सांपडलें तर कलेक्टरास कळविणें भाग असतें. 'सांपडलें तें माझें' हा न्याय कोठेंच चालत नाहीं. रायगडासारख्या संरक्षित गडावर खणूं लागणें म्हणजे इतिहासाच्या पोथीचें पान फाडणें होय, आणि त्यास शिक्षाही आहे. तेव्हां हा लेख वाचून कोणा विद्यार्थ्यानें सुट्टींत गडावर जाण्याचा बेत करूं नये.

आतां आमच्या पांडित्याकडे वळूं. यंत्राचें तत्त्व आम्हांस पाठ होतें. दांडीच्या टोकास ताटलीएवढी चपटी कॉइल असते. तींतून वेगानें दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह सोडला म्हणजे खालच्या जमिनींत चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. तेथें धातु असला तर त्याच्यांत भोंवऱ्यासारखे सूक्ष्म प्रवाह उठतात. त्यांचें क्षेत्र दुसऱ्या कॉइलला जाणवतें आणि कानांत आवाज होतो. १८८१ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड ह्यांस गोळी लागली, तेव्हां टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल ह्यांनीं अशाच तत्त्वाचें यंत्र घेऊन ती गोळी शोधण्याचा प्रयत्न केला होता. बिछान्यांतील धातूच्या स्प्रिंगांनीं यंत्राचा गोंधळ उडविला, आणि डॉक्टरांनीं जी बाजू तपासूं दिली त्या बाजूस गोळी नव्हतीच. ही कथा आम्हीं भाच्यास रंगवून सांगितली. तत्त्व ठाऊक असणें आणि यंत्र पारखतां येणें ह्या दोन निराळ्या विद्या आहेत, हा त्या कथेचा बोध मात्र आमच्या लक्षांत आला नाहीं.

उन्हाळ्यांत दर रविवारीं येथें एका मोकळ्या मैदानांत बाजार भरतो. लोक मोटारींच्या पाठी उघडून घरांतील जुन्या वस्तू मांडतात. पुण्याच्या जुन्या बाजाराची आठवण व्हावी असाच तो प्रकार असतो. तेथें एका माणसाजवळ आम्हांस एक काळें, भरदार यंत्र दिसलें. त्याला मोठा पडदा होता आणि सहा बटणें होतीं. "सहा फूट खोलीवरचें नाणें दाखवितें, आणि लोखंड सोडून नेमकें सोन्यावरच वाजतें," असें तो म्हणाला. सेल घालून दाखवा, असें आम्हीं म्हणावयास हवें होतें. आम्हीं एवढेंच विचारलें, "चालतें ना?"

"चालतें."

त्या एका शब्दावर आम्हीं भाच्याचे ६० पौंड मोजले. पावती मागितली नाहीं, त्याचें नांव विचारलें नाहीं. उलट सत्तरांचे साठ केले ह्या आनंदांत घरीं आलों.

घरीं सेलची पेटी उघडली तों आंत जुने सेल पाझरून हिरवट पांढरा क्षार जमलेला. तो खरवडून नवे सेल घातले, तेव्हां पडदा उजळला आणि यंत्र वाजूं लागलें. तें मातीवर वाजे, गवतावर वाजे, हवेंतही वाजे. भाच्यानें आमच्या बागेंत तेवीस खड्डे खणले. त्यांत एक खिळा आणि एक चमचा निघाला, आणि चमचा आमचाच होता. शेवटीं कपाळावरचा घाम पुसून तो गंभीरपणें म्हणाला, "मामा, तुमच्या बागेंत फारच सोनें असलें पाहिजे." आम्ही हंसलों, पण तें हंसूं तोंडावरच राहिलें. कॉइलकडे जाणारी तार आंतून तुटली होती. ती हलली कीं यंत्र ओरडे. खालीं धातु असो वा नसो.

आम्हीं ६० पौंड त्याच्या डब्यांत परत टाकले. तो "नको" म्हणाला. आम्हीं ऐकलें नाहीं. येथें प्रकरण संपतें, तर आमची अब्रू शिल्लक राहिली असती. परंतु ते साठ पौंड आमच्या मनाला टोंचत होते. शनिवारीं रात्रीं आम्हीं तें यंत्र पुसलें, सेलची पेटी व्हिनेगरनें घांसून लख्ख केली आणि तार काळ्या चिकटपट्टीनें अशा बेतानें आंवळली कीं, उभ्या उभ्या कोणीं यंत्र हलवून पाहिलें तर तें मुळींच कुरकुरूं नये. हें काम मोठ्या कौशल्यानें चाललें असतां भाचा दारांत येऊन उभा राहिला.

"मामा, दुरुस्त झालें?"

"नाहीं रे. पण उद्यां बाजारांत नेऊं."

"कोणीं विचारलें तर काय सांगायचें?"

"चालतें म्हणून सांगूं. चालतें हें तर खरेंच आहे."

त्यानें मान हलविली. जरा वेळानें मात्र म्हणाला, "घेणारा कोणी मुलगा असला तर?"

आम्हीं त्यास झोंपावयास घरीं पाठविलें.

दुसऱ्या दिवशीं तासभर कोणी फिरकलें नाहीं. मग एक वृद्ध गृहस्थ आले. त्यांनीं यंत्र उचललें, उलटें केलें, तारेवरच्या पट्टीवरून अंगठा फिरविला आणि आमच्याकडे पाहून विचारलें, "चालतें काय?" भाचा आमच्या तोंडाकडे पाहत होता. आम्हीं तोंड उघडलें तें काय बोलण्यासाठीं, हें आम्हांस आजही नीट सांगतां येणार नाहीं. बाहेर पडलें तें असें: "नाहीं. तार आंतून तुटली आहे. ही पट्टी आम्हीं कालच बांधली."

ते गृहस्थ हंसले. "तें मला अंगठ्यालाच कळलें होतें," असें म्हणून त्यांनीं दांडी आणि हेडफोन कामास येतील एवढ्यासाठीं पांच पौंड देऊन तें यंत्र घेतलें. मग तें कोणासाठीं घेतलें होतें, अशी त्यांनीं चौकशी केली. भाच्यानें सारी हकीकत, तेवीस खड्ड्यांसह, सांगितली. तेव्हां ते म्हणाले, "पुढल्या शनिवारीं ह्याच्या आईला विचारून ह्याला माझ्याकडे घेऊन या. माझ्याजवळ एक जुनें यंत्र आहे. घेतलेंच पाहिजे असें नाहीं. आधीं त्याला ऐकूं तर द्या."

त्या शनिवारीं त्यांच्या अंगणांत आम्ही जें शिकलों, तें येथें क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट सेलच्या पेटीची. ती सर्वांआधीं उघडावी. मालकानें पूर्वी यंत्राची निगा कशी राखली तें तेथें दिसतें. आंत क्षार जमला असेल, तर तो विद्युन्मार्गांपर्यंत पोंचला असण्याचा संभव असतो.

दुसरी गोष्ट शांततेची. मोटारी, विजेच्या तारा आणि मोबाइल फोन ह्यांपासून दूर उभें राहून यंत्र चालू करावें आणि स्थिर धरावें. "ज्या यंत्राला गप्प बसतां येत नाहीं, त्याच्या बोलण्यास अर्थ नसतो," असें ते म्हणाले. मग तार जेथें कॉइलमध्यें शिरते तेथें हलकेच हलवून पाहावी. आमचें काळें यंत्र ह्या पायरीवरच उघडें पडलें असतें.

तिसरी परीक्षा नाण्याची. कॉइल खिळे नसलेल्या लांकडी बांकावर ठेवून तिच्यावरून एक एक नाणें फिरवावें आणि किती अंतरावर स्पष्ट आवाज येतो तें पट्टीनें मोजावें. हवेंत जेवढें ऐकूं येतें त्याहून जमिनींत बहुधा कमीच येतें. नवशिक्यास परवडणारें यंत्र वीतभर खोलीवरचें नाणें ओळखूं शकलें, म्हणजे तें आपलें काम करतें असें समजावें. सहा फुटांची गोष्ट करणारा मनुष्य एक तर अज्ञानी असतो किंवा आपणांस अज्ञानी समजतो. आमच्या बाबतींत दुसरें खरें होतें.

चौथी परीक्षा आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटली. ह्या यंत्रांत लोखंडासारखे नकोसे धातु वगळण्याची सोय असते. त्या गृहस्थांनीं पेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी कॉइलवरून फिरविली आणि पाठोपाठ आपल्या बोटांतील सोन्याची अंगठी फिरविली. दोन्हींचा आवाज जवळजवळ सारखाच आला. मग त्यांनीं ती कडी वगळली जाईल असें बटण दाबलें; आतां अंगठीही मुकी झाली! "सोनें हवें असेल त्यानें कचरा खणावयास तयार असलें पाहिजे," ते भाच्यास म्हणाले. "'नेमकें सोन्यावरच वाजतें' असें कोणीं सांगितलें, तर त्याची ही परीक्षा घे." भाच्यानें आमच्याकडे पाहिलें नाहीं, ही त्याची सभ्यता.

पांचवी गोष्ट घेणाऱ्याच्या हाताची. दांडीचे सांधे घट्ट बसतात कीं नाहींत तें पाहावें. आणि ज्याला तें वापरावयाचें त्यानें, त्याच्या मामानें नव्हे, तें दहा मिनिटें झुलवून पाहावें. सहा बटणांपेक्षां दोन बटणें नवशिक्यास बरीं. आधीं कान तयार व्हावा; बटणें मागाहून.

सहावी गोष्ट कागदाची. यंत्रावरचा अनुक्रमांक पुसलेला नसावा, आणि मूळ पावती असल्यास पाहावी. प्रसिद्ध कंपन्यांच्या यंत्रांच्या हुबेहूब नकला बाजारांत येतात, आणि चोरीचा मालही येतो. त्या जातीची कॉइल व तार आजही मिळते कीं नाहीं, हेंही विचारून ठेवावें.

एवढें सगळें दाखवून झाल्यावर त्यांनीं आंतून आपलें यंत्र आणलें. तें गॅरेट ह्या अमेरिकन कंपनीचें एस २५० ह्या नांवाचें पिवळें यंत्र होतें. चार पेन्सिल-सेलांवर चालणारें आणि वजनानें सव्वा किलोच्या आंतबाहेर. एका सेकंदास साडेसहा हजार कंपनें, ही त्याची एकच ठरलेली गति. त्याच्या पिशवींत पोस्टकार्डाएवढा एक पुठ्ठा होता, आणि त्यावर त्यांच्या हस्ताक्षरांत चार दोष लिहिले होते: कॉइलचें झांकण खरचटलेलें आहे, खालच्या दांडीचा स्क्रू मूळचा नव्हे, हात अडकविण्याचा पट्टा नाहीं, समुद्रकांठच्या ओल्या, खारट वाळूंत उगाच वाजतें. आम्हीं विचारलें, "विकावयाच्या वस्तूचे दोष लिहून ठेवतां?" ते म्हणाले, "मालकाला आपल्या यंत्राचे दोष ठाऊक नसतील, तर त्यानें तें वापरलेलेंच नाहीं. आणि ठाऊक असून तो सांगत नसेल, तर त्याच्या दुसऱ्या कोणत्या शब्दावर विश्वास ठेवावयाचा?"

आम्ही पट्टीनें बांधलेल्या त्या तारेची आठवण होऊन खालीं पाहूं लागलों. किंमत ७० पौंड ठरली. ह्या वेळीं आम्हीं बोलणें भाच्यावर सोंपविलें. त्यानें सेलची पेटी उघडली, यंत्र गप्प धरून पाहिलें, तार हलविली, नाणीं फिरविलीं आणि मगच पैसे मोजले. उरलेल्या वीस पौंडांत हेडफोन आणि एक मजबूत खुरपें आलें.

सुगी झाल्यावर शेतकऱ्यानें रान मोकळें केलें, आणि भाच्याची पहिली फेरी निघाली. सकाळपासून दुपारपर्यंत खिळे, नालेचा तुकडा, काडतुसांचीं पितळी बुडखीं आणि तीन बटणें निघालीं. प्रत्येक खड्डा तो हिरवळीचें ढेंकूळ पुन्हां बसवून पायानें दाबी. तीनच्या सुमारास यंत्र स्वच्छ, गोल आवाजानें वाजलें. चार बोटें खोलीवर एक मोठें, काळवंडलेलें कांशाचें नाणें होतें: १९१७ सालची पंचम जॉर्जची पेनी. घरीं आल्यावर भाच्यानें भिंग घेऊन त्यावरचीं आंखूड केलेलीं लॅटिन अक्षरें लावलीं, तेव्हां शेवटल्या दोन शब्दांपाशीं तो अडला. ते शब्द 'हिंदुस्थानचा बादशहा' ह्या अर्थाचे होते. ब्रिटनच्या नाण्यांवर ते १९४८ पर्यंत असत. इंग्लंडांतल्या नांगरटींतून आपल्याच देशाचें नांव वर आलेलें पाहून तो मुलगा बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग त्यानें विचारलें, "हें नाणें ज्याचें पडलें, त्याला ह्या शब्दांचा अर्थ माहीत असेल का?" ह्याचें उत्तर आमच्या पदवींत नव्हतें. संध्याकाळीं त्यानें तें नाणें शेतकऱ्यास नेऊन दाखविलें. त्यानें उलटसुलट पाहून तें त्यालाच परत दिलें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं फारच थोडे असें यंत्र घेतील. परंतु जुनी सायकल, जुना कॅमेरा, जुनी पेटी किंवा तबला तुम्ही केव्हां ना केव्हां घ्यालच. तेव्हां "चालतें ना?" असें विचारूं नका. "ह्यांत काय बिघडलें आहे?" असें विचारा, आणि उत्तर देणाऱ्याकडे नीट लक्ष द्या. पालकांसही एक विनंती आहे: मुलाच्या सांठविलेल्या पैशाची खरेदी त्याच्याच हातून होऊं द्यावी. आपण जवळ उभें राहावें, एवढें पुरे.

परवां यंत्र पिशवींत ठेवतांना तो पुठ्ठा आमच्या हातीं आला. चार ओळींच्या खालीं, दुसऱ्या शाईनें आणि जरा वांकड्या अक्षरांत, पांचवी ओळ लिहिलेली होती: 'गारगोटीवर आपटून कॉइलच्या झांकणास चीर गेली. माझ्या हातून.'